कुणाच्या मागं वाजवत आलास, हे आधी विचारा

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. युवा महोत्सवासाठी तुम्हाला कॉलेजचा लोकवाद्यवृंद उभा करायचा आहे. अकरा मुलं जमली आहेत. तिघं तबल्याच्या परीक्षा दिलेले. दोघं गावच्या भजनी मंडळात पखवाज आणि टाळ वाजवणारे. एक हलगीवाला, एक गोंधळ्याच्या घरातला संबळवाला, दोघं धनगरवाड्यावरचे ढोलवाले, एक लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा, आणि एक मुलगी, जिला 'वाद्य काही येत नाही, पण गाते बरी'. तुम्ही सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतलात. 'संगीताचं शिक्षण' या रकान्यात तबलेवाल्यांनी प्रवेशिका पूर्ण, मध्यमा असं लिहिलं आणि बाकी आठ जणांनी 'नाही' लिहिलं. एकेकटी सगळी छान वाजवतात, एकत्र बसली की गोंगाट होतो. म्हणून तुम्ही विचारताय, की या आठ जणांना दोन महिने तबल्याच्या क्लासला घालून पाया पक्का करून घ्यावा का?

घालू नका.

मी गेली पस्तीस वर्षं ढोलकी वाजवतोय. त्यातला मोठा काळ शाहिरी पथकात गेला, बाकीचा गोंधळ, भारूड, लावणीच्या कार्यक्रमांत, आणि अलीकडं तुमच्यासारख्यांनी बोलावलं की मुलांचे वाद्यवृंद बसवण्यात. माझी स्वतःची सुरुवात पेठेतल्या तालमीत झाली. लेझमीच्या मागं कैताळ, म्हणजे पितळी झांज, वाजवायला उभं केलं होतं मला, वय असेल आठ-नऊ. मग आळीतल्या भजनात पखवाज, मग गांधर्व महाविद्यालयाच्या तबल्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत, आणि मग ढोलकी. म्हणजे तुमच्या अकरा मुलांपैकी चार-पाच जणांच्या वाटेनं मी थोडा थोडा चालून आलोय. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या फॉर्मातला तो एक रकानाच चुकलाय. तिथं 'नाही' लिहिणारा संबळवाला पोरगा पाचव्या-सहाव्या वर्षापासून बापाच्या मागं रात्र रात्र जागलेला असणार. त्याला कुणी वही दिली नाही आणि प्रमाणपत्र दिलं नाही, म्हणून त्यानं प्रामाणिकपणानं 'नाही' लिहिलं.

मी नवीन मुलाला एकच प्रश्न विचारतो: कुणाच्या मागं वाजवत आलास? लोकवाद्य वाजवणारा बहुतेक वेळा कुणाच्या तरी मागं वाजवतो. गोंधळी नायकाच्या, शाहिराच्या, पैलवानाच्या, नाचणारीच्या, पालखीच्या, दिंडीच्या मागं. ज्याच्या मागं वाजवत तो वाढला, त्याची लकब त्याच्या हातात उतरलेली असते. ती कळली, की हा मुलगा वृंदात कुठं बसवायचा आणि त्याच्याकडनं काय मागायचं, काय मागायचं नाही, हे बरंचसं ठरतं.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चुकून शिकलोय. पहिल्यांदा वाद्यवृंद बसवायला घेतला, तेव्हा माझ्या डोक्यात मात्रा, आवर्तनं म्हणजे तालाचे पूर्ण फेरे, आणि तिहाया म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून केलेला शेवट, एवढंच होतं. गोंधळाच्या भागाला मी कागदावर सोळा आवर्तनं लिहून दिली. सोळा झाली की तिहाई, तिहाईनंतर ढोलकी. संबळावर गोंधळ्याच्या घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा होता. हात असा, की दोन मिनिटं ऐकलं तरी अंगावर काटा यावा. पण तो कधी चौदाव्याला बाहेर पडायचा, कधी अठराव्याला. चार दिवस मी ओरडलो. पाचव्या दिवशी त्याला बाजूला बसवला आणि तबल्याच्या एका हुशार मुलाच्या हातात संबळाच्या काड्या दिल्या. स्पर्धेत सगळं बिनचूक वाजलं. सोळा म्हणजे सोळा. खाली उतरलो, तर बाजूला बसवलेल्या त्या संबळवाल्या मुलाचा चुलता भेटला, स्वतः गोंधळी. हात जोडून म्हणाला, "वस्ताद, वाजलं झकास. पर कुणाला बोलावलंच न्हाई तुमी."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग आठवलं, गोंधळाची सुरुवातच आवाहनानं होते. गावोगावच्या देवदेवतांना एकेक करून नावानं गोंधळाला बोलावलं जातं. तिथं संबळ हाकेच्या मागून जातो. हाक लांबली की तो थांबून वाट बघतो, नाव पडलं की टोला देतो. पुढं कथा लागली की नायक सांगत असतो, साथीदार मधेच प्रश्न टाकतो, नायक उत्तर देतो, आणि वाक्य जिथं पडतं तिथं संबळ उचलतो. या सगळ्यात आवर्तनं मोजण्याचा संबंधच येत नाही. मी त्या मुलाच्या घरी गेलो, चुकलो म्हणालो. तो काही रागावला नव्हता. उलट मलाच म्हणाला, "मोजायचं कशाला वस्ताद? त्यो बोलतोय न्हवं, त्येच्या मागनं जायाचं."

पुढच्या वेळी मी कागद फाडला आणि संबळाच्या पुढं एक बोलणारा मुलगा उभा केला. चार ओळींचं आवाहन, एवढंच. चौथी ओळ पडली की ढोलकीनं उचलायचं. तो संबळवाला एकदाही चुकला नाही. तुमच्या मुलालाही हेच करून बघा. त्याला आकडा देऊ नका, माणूस द्या. आणि त्याच्या वाद्याकडं बाकीच्यांना जवळून बघू द्या. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली दोन तोंडांची जोडी, एक बारीक आवाजाचं, एक जाड. एका काडीचं टोक वाकडं असतं. ती जाडावर घासत नेली की जो हुंकार निघतो, तो तबल्याच्या मुलांनी एकदा शेजारी बसून ऐकावा. माझ्या माहितीत तरी तो कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आता तबलेवाल्यांकडं येतो, कारण तुमचा खरा घोळ तिथं आहे असं मला वाटतं. तिघांपैकी दोघांना तुम्ही ढोलकीवर बसवलंय. बसवणं चूक नाही. मीही त्याच वाटेनं आलोय आणि या परीक्षांनी मला जे दिलं ते मी विसरणार नाही. वाद्य सुरात लावायचा कान, लय धरून ठेवायची शिस्त, चुकलं तर नेमकं कुठं चुकलं हे सांगता येणं, हे सगळं तिथं मिळतं. पण तबलेवाला ढोलकीवर बसला की पहिले काही महिने त्याचा उजवा हात सुंदर बोलतो आणि डावा मुका राहतो. कारण साधं आहे. डग्गा जमिनीवर उभा असतो. त्यावर मनगटाचा भार टाकून घुमारा काढायची सवय डाव्या हाताला लागलेली असते. ढोलकी आडवी. धुमेच्या, म्हणजे डाव्या तोंडाच्या, बाजूला मनगट टेकवायला जागाच नाही, हात हवेतून येतो, आणि घुमारा बोटानं रेटून काढावा लागतो. शिवाय डग्ग्याची शाई वर असते, धुमेचा मसाला चामड्याच्या आतल्या अंगाला असतो, त्यामुळं हाताला लागणारं चामडंच वेगळं. मुलं घाबरतात, डाव्याचं काम उजव्यावर ढकलतात, बोलांची गर्दी करतात. ऐकणाऱ्याला वाटतं, तयारी काय आहे पोराची! पण शाहीर अवघडतो, कारण त्याला पाठीमागून जो आधार हवा असतो तो धुमेतून येतो.

उपाय हाच, की पंधरा दिवस त्यांना फक्त डावा हात वाजवायला लावा. उजवा मांडीवर. कंटाळतील, पण करतील.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. परीक्षेत मुलगा लेहऱ्यावर, म्हणजे तालाच्या मापाच्या एकाच सुरावटीवर, वाजवतो. पेटीवर तोच लेहरा फिरत राहतो. लेहरा श्वास घेत नाही, ओळ विसरत नाही, समोर बसलेले लोक टाळ्या वाजवतात म्हणून तीच ओळ परत घेत नाही. शाहीर हे सगळं करतो. म्हणून जो मुलगा फक्त लेहऱ्याच्या मागं वाजवत आलाय, त्याला माणसाच्या मागं वाजवायची सवय नसते. त्याची मान खाली असते, नजर स्वतःच्या बोटांवर. ढोलकीवाल्यानं बघायचं असतं गाणाऱ्याच्या गळ्याकडं. श्वास घेताना खांदा वर जातो, तेव्हाच कळतं पुढची ओळ उंच येणार. माझ्या वस्तादांनी मला सहा महिने ढोलकीला हात लावू दिला नव्हता. शाहिराच्या मागं उभं राहून झील धर, म्हणजे मागून सुरात साथ दे, म्हणाले. जी जी र जी म्हणत म्हणत मला शाहिराचा श्वास पाठ झाला, आणि मग ढोलकी हातात आली तेव्हा निम्मं काम झालेलं होतं.

त्या मुलांना एक गोष्ट मात्र आवर्जून ऐकवा. भजनी ठेका आठ मात्रांचा, धुमाळी आठ मात्रांची, केरवाही आठच मात्रांचा. तबलेवाला म्हणतो, सर, सगळं एकच तर आहे. कागदावर आहेही. पण भजनात वजन कुठं टाकायचं हे टाळ सांगतो, लावणीत घुंगरू सांगतं, लेझमीत पाऊल. तुमच्या तालमीच्या पहिल्या दिवशी तबलेवाल्याला, पखवाजवाल्याला आणि हलगीवाल्याला एकाच लयीत आठ मात्रा एकामागोमाग वाजवायला सांगा आणि बाकीच्यांना नुसतं पाय आपटायला सांगा. पाय प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडतील. तुम्ही ज्याला गोंगाट म्हणताय तो बहुधा इथून येतोय. तिघं तीन ठिकाणी वजन टाकतायत, आणि तिघंही आपापल्या घरच्या रीतीनं बरोबर आहेत. म्हणून प्रत्येक तुकड्याला ठरवून घ्या, या तुकड्यात वजन कुणाचं. भजनाच्या तुकड्यात ढोलकीनं टाळाचं ऐकायचं, लेझमीच्या तुकड्यात पखवाजानं हलगीचं.

हलगीवाल्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

आपल्याकडं हलगी एकटी नसते. हलगी, तिच्या जोडीचं घुमकं हे चर्मवाद्य आणि कैताळ असा तो संच. मर्दानी खेळ त्यावर चालतो, लेझीम त्यावर चालते, जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या त्यावर नाचतात, दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून आणतात त्या त्याच ठेक्यावर पळतात. आणि कुस्ती. ज्यानं लहानपणी मैदानाच्या कडेला बसून हलगी वाजवलीय, त्याची नजर तबलेवाल्याच्या अगदी उलट असते. तो वाद्याकडं बघतच नाही. पैलवानानं शड्डू ठोकला की हलगी कडाडते, पकड बसली की ती घाईला येते, दोघं नुसते खडाखडी करत असले की ती मागं सरते. लेझमीत तर तो खेळगड्यांना पुढचा हात कोणता हे टोल्यानं सांगतो. म्हणजे लय कधी बदलायची हा निर्णय हा मुलगा गेली दहा वर्षं स्वतः घेत आलाय, शे-दोनशे लोकांसमोर. तुमच्या अकरा जणांत हे काम केलेला तो एकटाच असेल. वृंदाचा म्होरक्या तोच करा.

आणि त्याला पुढं बसवा. मी अनेक कार्यक्रमांत पाहिलंय, पेटी-तबला पुढं, ढोलकी मधे आणि हलगी पार मागच्या रांगेत, कधी कधी विंगेत. कारण आवाज मोठा, असं सांगतात. आवाज हे एक कारण आहेच, पण तेवढंच नाही, आणि हे आपण उघडपणे बोललं पाहिजे. हलगी मातंग समाजानं सांभाळली. सनई होलारांनी, संबळ गोंधळ्यांनी, देवळातलं वाजप गुरवांनी, ढोल धनगरांनी. ज्यांच्या हातात वाद्य होतं त्यांना देवळाच्या बाहेर उभं करून वाजवायला लावलेलं आहे आपण पिढ्यानपिढ्या. लग्नात वाजंत्री शेवटच्या पंगतीला. त्या सवयीनं अजून हलगी मागच्या रांगेत जाते आणि फॉर्मावर 'शिक्षण नाही' लिहिलं जातं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्यांच्या गावात रंगमंचावरची जागा अजून अशी ठरावी याचं मला वाईट वाटतं. तुमच्या हातात अकरा खुर्च्या आहेत, तेवढ्यापुरतं तरी तुम्ही बदलू शकता.

हलगीचं एक व्यवहाराचं सांगतो. चामड्याची हलगी असेल तर ती शेकावी लागते. आमच्याकडं उसाचं पाचट पेटवतात. चटकन जाळ होतो, चटकन विझतो. चामडं जाळावर धरून फिरवत राहायचं, बोटाच्या पेरानं टकटक करून बघायचं. आधी धप् असा आवाज येतो, मग टप्, आणि मग एकदम टण्. टण् आलं की दोन क्षणांत बाजूला घ्यायची, नाहीतर चामडं तडकतं. ही कला बघायला बाकीच्या मुलांना त्याच्याभोवती उभं करा. पण सभागृहात जाळ करता येत नाही, आणि पावसाळी हवेत हलगी पाच मिनिटांत उतरते. म्हणून कार्यक्रमाच्या आधी बाहेर शेकायची, कापडात गुंडाळून आणायची आणि हलगीचा मुख्य तुकडा पहिल्या दोन-तीन मिनिटांत उरकायचा. फायबरची हलगी आता सर्रास मिळते, ती उतरत नाही. मला तिचा आवाज कोरडा वाटतो, पण जोडीला एक असू द्या.

धनगरवाड्यावरच्या दोघांचं लवकर सांगून टाकतो. त्यांचा ढोल माळावर वाजवायचा ढोल आहे. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यात न्हालेले ढोलवाले तुम्ही पाहिले असतील. बंद सभागृहात दोन ढोल म्हणजे बाकी नऊ जण बुडाले. तुम्ही त्यांना हळू वाजवा म्हणत असाल आणि ते कसंनुसं वाजवत असतील. हळू वाजवा म्हणू नका, थांबा म्हणा. थांबणं त्यांना उत्तम येतं. ओवी सुरू असते तेव्हा ढोल गप्प असतो, ओवी पडली की उठतो. तुमच्या सगळ्या वृंदात ज्याला 'गप्प राहण्याचं' शिक्षण मिळालंय असे हे दोघंच आहेत. सुरुवातीला एकदा आणि शेवटाला एकदा, पूर्ण ताकदीनं. मधला सगळा वेळ शांत उभे राहतील, काही बिघडत नाही.

भजनी मंडळातले दोघं तुमचा चिकट डिंक आहेत. सप्ताहात रात्रभर साथ करून त्यांचा दम मोठा झालेला असतो, गाणाऱ्याला सांभाळून घ्यायची सवय असते, आणि सोंगी भजनात वाजवलं असेल तर बोलण्याच्या मधे मधे वाजवणंही येतं. दोष एकच, लय चढवत नेतात. भजनात ते गुण असतो, रंग तसाच चढतो. इथं बाकीचे धापा टाकतात. पखवाजवाल्याला हलगीवाल्याच्या नजरेच्या टप्प्यात बसवा आणि सांगा, चढवायचं हा सांगेल तेव्हा. आणि हो, पखवाजाच्या धुमेला कणीक लावून ठेवतात. ती वाळली की आवाज बदलतो. जास्तीची मळलेली कणीक ओल्या फडक्यात बरोबर ठेवायला सांगा. एका महोत्सवात आमची तेवढ्यासाठी पळापळ झाली होती.

क्लॅरोनेटवाला. बँडमध्ये वाढलेल्या मुलाला लोक हिणवतात, 'वरातीतला' म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. उन्हात चालत, ट्यूबलाइटच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसांच्या रांगेत, फर्माईश आली की कुठलंही गाणं ऐकल्या ऐकल्या काढायचं, ही काय साधी तयारी झाली का? त्याचा कान तुमच्या सगळ्या मुलांत तेज असणार. फक्त त्याला चाल पूर्ण वाजवायची सवय असते, मुखडा, अंतरा, परत मुखडा. लोकवाद्यवृंदात त्याला तुकडे वाजवायचेत. आणि क्लॅरोनेट हे परदेशी वाद्य, स्पर्धेच्या नियमात बसतं का ते आधी तपासा. बसत नसेल तर त्याला सनई शिकवायचा मोह होईल, पण दोन महिन्यांत सनई होत नाही. पत्ती ओठात धरायलाच तेवढे दिवस जातात. त्यापेक्षा गावातला सनईवाला मुलगा शोधा आणि या मुलाला पिपाणीवर घ्या. फुंक आणि बोटं दोन्ही त्याच्याकडं आहेत. सनई आली तर एक लक्षात ठेवा: सनईची पट्टी वाद्याच्या लांबीनंच ठरलेली असते, पत्तीनं फार तर थोडी वर-खाली होते. म्हणून ढोलकी, तुणतुणं, पेटी, गाणं सगळं सनईला लावायचं. उलट करायला गेलात तर रोज भांडण होईल.

तुम्ही एक वाक्य सहज लिहिलंय, 'शास्त्रीयवाले आणि लोकवाले यांचं पटत नाही'. कोल्हापुरात तरी हे भांडण आपलं नव्हे. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब गात होते, आणि त्याच महाराजांनी पैलवान पोसले, खासबागेचं मैदान बांधलं. ते मैदान १९१२ चं. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच आपलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. एका भिंतीपलीकडं ऑर्गन-तबला, अलीकडं हलगी-घुमकं. मी स्वतः त्या नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला ढोलकी ताणत उभा असताना मैदानातला कडकडाट ऐकलाय, आणि त्या दिवशी पोवाड्याची लय आपोआप त्याच्यावर गेली होती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळालं तेव्हा आम्ही वाजवणारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडलो. त्यात शास्त्रीय कोण आणि लोक कोण हे कुणी विचारलं नाही. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या आवाजातला पोवाडा ऐकत मोठी झालेली माणसंच अल्लादियाखाँच्या घराण्याच्या मैफलीलाही जाऊन बसायची. आमच्या आळीत अशी तीन-चार घरं मी पाहिलीत.

तालीम कशी घ्यायची ते सांगतो. पहिले दहा-बारा दिवस तुकडे बसवूच नका. रोज एका मुलाच्या मागं बाकीच्यांनी जायचं. सोमवारी संबळवाला पुढं, सगळे त्याच्या मागं. तबलेवाल्यांनी त्या दिवशी मात्रा मोजायच्या नाहीत, नुसतं बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं. मंगळवारी हलगीवाला, सगळ्यांनी उभं राहून लेझमीची पावलं टाकायची, वाजवणाऱ्यांनीसुद्धा. बुधवारी पखवाजवाला, एक अभंग पूर्ण. गुरुवारी ढोलवाले, आणि बाकीच्यांनी गप्प बसायला शिकायचं. शुक्रवारी तबलेवाल्यांचा दिवस. त्या दिवशी संबळवाल्यानं आणि हलगीवाल्यानं टाळी देत एक तिहाई शिकायची. त्यांना ती पटकन येईल, बघाच तुम्ही. शेवटाला सगळे एकदम थांबतात तो झटका तिहाईशिवाय येत नाही, आणि एकत्र थांबणं ही तबल्याच्या मुलांची वृंदाला मोठी देणगी आहे. असे दोन आठवडे झाले, की तुमच्या न कळत तुकडे आपोआप बसायला लागलेले असतील. कारण तोवर प्रत्येकाला कळलेलं असतं, शेजारचा कुणाच्या मागं वाजवत आलाय.

राहिली ती मुलगी. तुम्ही लिहिलंय, वाद्य येत नाही, संगीताची काही पार्श्वभूमी नाही, घरी गौरी-गणपतीला बायकांबरोबर गाणी म्हणते तेवढंच. सर, तेवढंच? रात्रभर झिम्मा-फुगडी खेळत गायचं, दम लागलेला असताना सूर धरायचा, एकीनं ओळ टाकली की बाकीच्यांनी ती झेलायची, टाळी आणि पाय दोन्हींचा ठेका स्वतःच ठेवायचा. झील धरायला याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही. तिच्या घरी आजी असेल तर तिच्याकडनं जात्यावरच्या चार ओव्या आणायला सांगा. वृंदाच्या मधोमध सगळी वाद्यं गप्प करून ती एक ओवी म्हणेल, आणि तिच्या शेवटच्या अक्षरावर हलगी उचलेल, एवढं एक करून बघा.

आणि तुणतुणं तिच्या हातात द्या. आपल्याकडं ज्याला काही येत नाही त्याला तुणतुणं द्यायची खोड आहे. एक तर तार, त्यात काय वाजवायचंय, असं वाटतं. पण गाणाऱ्याला सूरही तेच देतं आणि लयही तेच. ढोलकी उतरली तरी गाणं निभतं, तुणतुणं घसरलं तर सगळं घसरतं. म्हणून जुने शाहीर आपल्या सगळ्यात विश्वासाच्या माणसाला पाठीशी तुणतुणं घेऊन उभं करायचे. तिला पहिले चार दिवस फक्त खुंटी पिळून तार सुरात आणायला शिकवा. तार जुनी असेल तर आधी बदलून घ्या, शिकताना जुनी तार फार तुटते.